मगर परत येईल, आधी भिंत वाळू द्या

प्रश्न : आमची कारेलीबागेतली जुनी सोसायटी, नदीच्या बाजूची. चौकातल्या एका टेनामेंटच्या कडेच्या भिंतीवर मोठं चित्र आहे. सयाजीराव महाराजांच्या फिरत्या वाचनालयाच्या पेट्या, जुम्मादादांच्या आखाड्यातले मल्ल, नवरात्रातला गरबा, गणपतीची मिरवणूक आणि सगळ्यात खाली विश्वामित्री नदी, तिच्यात मगर. सोसायटीतल्याच एका चित्रकार काकांनी तीसेक वर्षांपूर्वी ते काढलं. काका आता नाहीत. ऑगस्ट २०२४च्या पुरात भिंत छातीपर्यंत पाण्यात होती. पाणी ओसरल्यावर रंगाचे पापुद्रे सुटायला लागले, ते अजून सुटतायत. मगर तर जवळजवळ गेलीच. मग एका काकांनी प्रेशरच्या पाइपाने चिखल धुतला, त्यात गरब्यातल्या बायकांचे चेहरे गेले. एका मुलाने हौसेने गणपतीचं तोंड ऑइलपेंटने रंगवलं. आता मंडळाने चिटणीस म्हणून हे काम माझ्यावर टाकलंय. मी वर्गणी सुरू केली आहे. अमेरिकेतला चुलतभाऊ हजार डॉलर पाठवतो म्हणतो. एक बिल्डर सगळा खर्च उचलायला तयार आहे, पण चित्राच्या कोपऱ्यात त्याचं नाव आणि लोगो हवा. ज्यांची भिंत ते कुटुंब न्यू जर्सीत, घर बंद असतं. चित्रकार काकांची मुलगी नाशिकला, ती म्हणते, नीट करणार असाल तर करा, नाहीतर सरळ चुना मारा. काही जण म्हणतात, फोटोवरून छापलेल्या टाइल्स लावून टाकू. सगळ्यांना गणपतीच्या आत हवंय. कुठून सुरुवात करू? — मृ., बडोदा

उत्तर : ताई, पावतीपुस्तक कपाटात ठेवण्यापासून सुरुवात करा.

जमलेले पैसे परत करा असं म्हणत नाही. ते मंडळाच्या बँक खात्यात टाका, तुमच्या स्वतःच्या यूपीआयवर आले असतील तर आजच वळते करा, आणि पुढची घरं सध्या सोडा. किती पैसे लागणार हे भिंत तपासल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही. उलट पाचशे रुपये दिलेला माणूस पंधरा दिवसांनी गॅलरीतून विचारणारच, "काय, रंग कधी लागतोय?" या तगाद्यापायी ओल्या भिंतीवर रंग चढतो, गणपतीत फोटो निघतात आणि दिवाळीला पुन्हा पापुद्रे. म्हणून गणपतीची मुदतही सोडा. उघड्यावरच्या भिंतीचं काम बडोद्यात दिवाळीनंतर काढावं आणि होळीच्या आसपास संपवावं. पावसाळ्यात भिंत वाळत नाही, आणि मे महिन्याच्या उन्हात रंग ब्रशवरच सुकायला लागतो.

आता भिंत. तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आहे: पापुद्रे पाणी ओसरल्यावर सुटले आणि अजून सुटतायत. पुराचं पाणी विटांत मुरलं, विटांतले आणि मातीतले क्षार त्यात विरघळले. भिंत बाहेरच्या अंगाने सुकते तेव्हा पाणी उडून जातं आणि क्षार रंगाच्या थराखाली स्फटिक होऊन बसतात. स्फटिक वाढले की त्यांना जागा लागते, ती ते रंगाला पुढे ढकलून मिळवतात. लोणा लागतो तो असा. पण पूर येऊन गेला, आणि भिंत अजून लोणा सोडत असेल तर पाणी कुठून तरी रोज येतंय. घर बंद आहे. बंद घरातली गळती कुणाला दिसत नाही. त्या भिंतीच्या मागे मोरी आहे का? गच्चीवरच्या टाकीचं जास्तीचं पाणी कुठे पडतं? पन्हळ फुटली आहे का? मी पैज लावायला तयार आहे की यातलं एक तरी सापडेल. किल्ली ज्या शेजाऱ्याकडे असेल त्याला बरोबर घ्या आणि बरा प्लंबर आत न्या. चित्र वाचवायचा पहिला खर्च हा असेल, आणि तो बहुधा सगळ्यात कमी असेल.

ओल घरच्या घरी तपासता येते. जाड पारदर्शक प्लास्टिकचे हातभर चौकोन कापा आणि कोरड्या हवेच्या दिवसांत चारी बाजूंनी टेप लावून भिंतीवर चिकटवा: एक तळाशी, एक छातीच्या उंचीवर, एक वर. टेप मात्र जिथे रंग आधीच गेलाय अशा जागीच लावा, नाहीतर काढताना राहिलेला रंगही घेऊन येईल. एक-दोन दिवसांनी प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब दिसले तर पाणी भिंतीतून येतंय. तळाशी थेंब आणि वर कोरडं असेल तर ओल जमिनीतून चढतेय. वरच ओलं असेल तर टाकी किंवा पन्हळ. गळती बंद केल्यावर हीच चाचणी दर महिन्याला करा. इंचभर जाडीला महिनाभर असा वाळण्याचा ढोबळ हिशेब धरतात, म्हणजे नऊ इंची भिंतीला बराच धीर लागेल. आपला उन्हाळा थोडी मदत करेल.

याच कारणासाठी टाइल्सचा प्रस्ताव मोडीत काढा. टाइल म्हणजे भिंतीला घातलेला रेनकोट: आतलं पाणी बाहेर पडायची वाट बंद होते आणि ओल आणखी वर चढते. आज मगर गेली, टाइल्स लावल्या तर काही वर्षांनी मल्लांची पाळी. "वॉटरप्रूफ" म्हणून समोरून मारायचे प्लास्टिकसारखे थर आणि चकचकीत वॉर्निश यांचंही तेच. भिंतीच्या वर वीतभर पुढे येणारा छज्जा बांधला आणि पागोळ्या दूर पडतील असं केलं, तर त्याचा उपयोग कुठल्याही डब्यातल्या द्रवापेक्षा जास्त. तळाशी कुंड्यांची रांग असेल तर तीही हलवा. त्यांना रोज घातलेलं पाणी सरळ पायात मुरतं.

गवंड्याला बोलावाल तेव्हा तो भिंतीवर थापी वाजवून म्हणेल, "ताई, सगळं पोकळ आहे, उतरवू आणि नवं प्लास्टर करू." त्याच्या धंद्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. तुमच्या दृष्टीने तो चित्राचा शेवट. पोकळ आवाज येतो तिथे रंगासकट प्लास्टर पाठीमागून पातळ चुन्याचं मिश्रण भरून पुन्हा धरवता येतं, पण ते जाणत्याचं काम. जिथे रंग उरलेलाच नाही आणि प्लास्टर भुगा झालंय तेवढंच उतरवायचं. नव्या थराला किमान चार आठवडे द्यायचे, कारण ताज्या सिमेंटचा अल्कली काही रंग खाऊन टाकतो. प्लास्टर ऑफ पॅरिस उघड्या भिंतीवर मुळीच नको. पहिल्याच पावसात मऊ पडतं. क्षारांची पांढरी भुकटी मऊ, कोरड्या ब्रशने सुपलीत झाडून घ्या. पाण्याने धुऊ नका, ती विरघळून पुन्हा आत जाते. आणि ॲसिड घेऊन कुणी आलं तर त्याला चहा पाजा आणि परत पाठवा.

जाणता माणूस शोधायला तुम्हाला दूर जायचं नाही. महाराजा सयाजीराव विद्यापीठाची फाइन आर्ट्स फॅकल्टी १९५० सालची, आणि तिथे भित्तिचित्र शिकवतात. त्याच विद्यापीठात १९५२पासून म्युझिऑलॉजीचा, म्हणजे संग्रहालयशास्त्राचा, विभाग आहे, जिथे जुन्या वस्तूंचं जतन हा अभ्यासाचाच भाग आहे. दोन्हीकडे जा, पण दोन वेगळे प्रश्न घेऊन. म्युझिऑलॉजीत विचारा: जे उरलंय ते भिंतीला कसं धरवून ठेवायचं? फाइन आर्ट्समध्ये विचारा: जे गेलंय त्याचं काय करायचं? आपल्याकडे लोक थेट दुसरा प्रश्न घेऊन जातात, आणि मग उत्साही विद्यार्थ्यांचा गट येऊन सुंदर, पण अगदी वेगळंच चित्र काढून जातो. गणपतीच्या तोंडावरचा ऑइलपेंटही म्युझिऑलॉजीवाल्यांवरच सोडा. जे रसायन वरचा ऑइलपेंट काढेल ते खालचा मूळ रंगही काढू शकतं. म्हणून थिनरचा बोळा घेऊन कुणी "जरा बघतो" म्हटलं तर बघू देऊ नका. त्या मुलाला मात्र ओरडू नका, सोसायटीत ब्रश हातात घ्यायची हिंमत असलेला तो एकच दिसतोय.

तोवर मंडळाने करायचं मोठं काम नोंदीचं आहे, आणि त्याला पैसा लागत नाही. ढगाळ दिवशी किंवा सकाळच्या सावलीत भिंतीचे समोरासमोर फोटो काढा, प्रत्येक फोटोत मोजपट्टी दिसू द्या. भिंतीचे दोन-दोन फुटांचे चौकोन कल्पून चौकोनागणिक एक फोटो. प्रिंट काढून त्यांच्यावर खुणा करा: इथे पोकळ, इथे पापुद्रा, इथे नवा रंग. खडूने भिंतीवर खुणा नकोत.

मग प्रत्येक घरात जुने अल्बम मागायला जा. तुमच्या चौकात तीस वर्षं गणपती बसलाय, मुंजी झाल्यात, पोरांचे वाढदिवस झालेत. त्या प्रत्येक फोटोत मागे ही भिंत आहे. मगरीवर हात ठेवून उभं राहिलेलं एक तरी पोर सापडणारच. बाहेरगावी गेलेल्या लोकांना निरोप धाडा. वर्गणीपेक्षा ही मागणी त्यांना जास्त आवडेल. आणि नाशिकच्या ताईंना फोन करून "परवानगी द्या" असं म्हणण्याआधी विचारा की बाबांचं कच्चं रेखाटन घरात आहे का, ते कुठल्या कंपनीचे रंग वापरायचे, अस्तर कसलं द्यायचे. त्यांच्या "नाहीतर चुना मारा"मध्ये मला राग कमी आणि काळजी जास्त ऐकू येते. बाबांच्या गणपतीला परक्या हाताने चकचकीत तोंड दिलेलं पाहिल्यावर कुणाचंही तेच होईल.

त्यांच्या होकाराशिवाय पुढे जाऊही नका, आणि हे फक्त सौजन्यापोटी सांगत नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं ५७वं कलम कलावंताला त्याच्या कामाची मोडतोड किंवा विद्रूपीकरण याविरुद्ध हक्क देतं. काम विकून टाकलं तरी तो हक्क राहतो, आणि कलावंतामागे त्याच्या वारसांना तो बजावता येतो. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं अमरनाथ सेहगल यांचं ब्राँझचं भित्तिशिल्प १९७९मध्ये काढून गोदामात टाकलं गेलं. ते कोर्टात गेले, आणि २००५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने उरलेले भाग त्यांना परत द्यायला आणि पाच लाख रुपये भरपाई द्यायला सरकारला सांगितलं. भिंत सरकारची होती, तरी. तुमच्यावर कुणी खटला भरेल असं नाही. पण लोगोवाला बिल्डर पुन्हा आला की हे सांगायला बरं पडेल.

दुसरा लेखी होकार न्यू जर्सीहून. भिंतीच्या मालकांकडून तीन गोष्टी कागदावर घ्या: दुरुस्तीला आणि परांची बांधायला परवानगी, पुढची अमुक वर्षं भिंत न पाडण्याचं आणि तिच्यात पाइप-केबल न ठोकण्याचं आश्वासन, आणि घर विकायची वेळ आली तर आधी मंडळाला कळवण्याची कबुली. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत ठरावही करून ठेवा. हा कागद होत नसेल तर मी तुमच्या जागी एक रुपयाही त्या भिंतीवर घालणार नाही. सगळी शक्ती फोटो, मापं आणि रेखाटनं जमवण्यात घालीन. उद्या टेनामेंट पाडून तिथे फ्लॅट उभे राहिले तर निदान चित्र दुसऱ्या भिंतीवर नेता येईल.

मगरीचं आणि गरब्याचं उत्तर मात्र मी वेगवेगळं देणार आहे, त्यावर तुमच्याकडे भांडण होईल याची कल्पना ठेवून. मगरीचे फोटो मिळाले, रेखाटन मिळालं, तर ती पुन्हा काढा: चौकोन आखून, मापाने, मूळ रंगांना जुळवून. जवळ जाऊन पाहिलं तर नवं काम ओळखू यावं, लांबून एकसंध दिसावं. जतन करणारे यासाठी बारीक समांतर रेघांनी जागा भरतात. गरब्यातल्या बायकांचे चेहरे स्वच्छ दिसतील असा फोटो मिळाला नाही, तर ते कल्पनेने काढू नका. आजूबाजूच्या रंगाशी मिळता, किंचित फिका सपाट रंग तिथे भरा आणि थांबा. कुणाची तरी आजी काकांच्या समोर बसली असेल. तिच्या जागी कॅलेंडरवरचा चेहरा आला तर तिच्या घरच्यांना तो रोज टोचेल. चित्रकार के. जी. सुब्रमण्यन यांनी शांतिनिकेतनच्या कलाभवनातल्या एका इमारतीच्या बाहेरच्या भिंती काळ्या-पांढऱ्या चित्रांनी भरल्या होत्या, आणि त्या विटल्यावर उतारवयात स्वतःच पुन्हा रंगवल्या. त्यांना ते शोभलं, कारण हात त्यांचाच होता. आपल्या बडोद्यातल्या कीर्तिमंदिरात, म्हणजे गायकवाड घराण्याच्या स्मारकात, नंदलाल बोसांची भित्तिचित्रं १९४०च्या आसपासची असून आज बघायला मिळतात. पण ती छपराखाली आहेत. तुमची भिंत ऊन-पाऊस खात उभी आहे, तिला मधून मधून दुरुस्ती लागणारच हे धरून चाला. नव्या भागासाठी गेरू, पिवडी असे लोहाचे रंग उन्हात टिकतात. स्वस्तातले भडक गुलाबी-पिवळे सगळ्यात आधी उडतात.

आता पैसे. भिंतीचं दुखणं कळलं, जाणत्याने अंदाज लिहून दिला, दोन्ही होकार आले, की पावतीपुस्तक कपाटातून काढा आणि तो अंदाज सूचनाफलकावर लावा. बघाल, खर्चाचा मोठा वाटा नळ, छज्जा, प्लास्टर, परांची आणि जतनतज्ज्ञाची मजुरी यांत जातो. रंगाचे डबे त्या मानाने किरकोळ. यातला नळाचा आणि पन्हळीचा खर्च मालकांनीच करावा. ती त्यांच्या घराची दुरुस्ती आहे, देणगी नव्हे, आणि त्यांनी थेट प्लंबरला पैसे दिले की मंडळाच्या हिशेबात ते येतच नाहीत.

चुलतभावाला आधी विचारा, पासपोर्ट कुठला? भारतीय पासपोर्टवर तिथे नोकरी करत असेल तर त्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेले पैसे परकीय देणगी ठरत नाहीत. अमेरिकी नागरिक झाला असेल तर मूळचा बडोद्याचा असला तरी कायद्याच्या लेखी तो परकीय स्रोत. २०१०च्या विदेशी अंशदान कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसलेल्या मंडळाला त्याचा एक डॉलरही घेता येत नाही. "तुझ्या खात्यावर घरखर्चाला म्हणून पाठवतो" ही पळवाट घेऊ नका. अडचणीत तुम्ही याल, तो नाही. ८०जीची, म्हणजे देणगीवरच्या करसवलतीची, पावती मंडळाकडे तशी नोंदणी असेल तरच द्या, नसेल तर कबूल करू नका. नव्या करप्रणालीत ती वजावट मिळतही नाही, त्यामुळे तिच्यासाठी अडून बसणारे आता कमी सापडतील. कंपन्यांच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारीच्या) निधीत कलाकृतींच्या जीर्णोद्धाराला जागा आहे, २०१३च्या कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टातच. पण पैसे घेणाऱ्या संस्थेची नोंदणी लागते आणि कागदपत्रं भरपूर. एका भिंतीसाठी मी त्या वाटेला जाणार नाही. नगरसेवकाच्या निधीचंही नाव काढू नका, भिंत खासगी आहे.

बिल्डरला नाही म्हणू नका, दुसरं काही मागा. त्याच्याकडे परांची आहे, चांगले गवंडी आहेत, छज्जा ओतायला माणसं आहेत. ते द्यायला तयार असेल तर सूचनाफलकावर देणगीदारांच्या यादीत त्याचं नाव इतरांच्याच आकाराच्या अक्षरात लावा. चित्रावर कुणाचंही नाव नाही, काकांची मूळ सही सोडून. ती सही पुरातून वाचली असेल तर तिच्यावरून ब्रश फिरणार नाही एवढं बघा. एवढ्यावर तो गेला तर जाऊ द्या.

जमेल त्यातला काही भाग बाजूला, दरवर्षीच्या देखभालीसाठी ठेवा: पावसाळ्याआधी पन्हळ साफ, पावसाळ्यानंतर चौकोनागणिक फोटो. खात्यावर दोघांच्या सह्या, महिन्याचा हिशेब फलकावर. हे तुम्हाला गणपतीच्या वर्गणीमुळे येतंच.

राहिले प्रेशरच्या पाइपवाले काका. त्यांच्याशिवाय हे काम करायला जाऊ नका. चिखल पाहून पहिला माणूस तोच उठला होता. मालकांच्या घराची किल्ली, प्लंबर, टाकी आणि पन्हळ हे सगळं त्यांच्याकडे द्या, सभेत, सगळ्यांसमोर. फक्त पाइप तुमच्याकडे ठेवून घ्या.